एटीएम ते राउटर हा उघडा टप्पा : व्हीपीएन असताना संदेशांवर मॅक कशासाठी?

नवअभियंता :

नमस्कार. संगणक जाळ्यांच्या कामाचा मला बऱ्यापैकी अनुभव आहे, परंतु एटीएमच्या क्षेत्रात मी नवीन आहे. त्यामुळे प्रश्न प्राथमिक वाटला तरी कृपया सविस्तर उत्तर द्यावे, ही विनंती.

आमच्या रचनेत प्रत्येक एटीएमजवळ एक छोटा राउटर बसवलेला असतो. हा राउटर मोबाइल जाळ्यावरून किंवा भाडेतत्त्वावरील वाहिनीवरून बँकेच्या डेटा सेंटरपर्यंत आयपीसेक व्हीपीएनची, म्हणजे कूटबद्ध खाजगी मार्गाची, जोडणी करतो आणि यंत्राचे सर्व संदेश तिच्यातून स्विचकडे, म्हणजे व्यवहारांची देवाणघेवाण करणाऱ्या बँकेच्या संगणकाकडे, जातात. ग्राहकाने दाबलेला पिन ईपीपीच्या, म्हणजे यंत्राच्या पिन-पॅडच्या, आतच कूटबद्ध होतो आणि त्यानंतर डेटा सेंटरमधील एचएसएमच्या, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या सुरक्षित उपकरणाच्या, बाहेर तो कोठेही उघड्या स्वरूपात येत नाही.

अलीकडच्या लेखापरीक्षणात आमच्यावर दोन शेरे आले. पहिला असा की यंत्र आणि राउटर यांच्यामधील केबलवरून संदेश उघडे जातात, त्यामुळे टीएलएस, म्हणजे जोडणी कूटबद्ध करणारी पद्धत, खुद्द यंत्रापासून सुरू व्हायला हवे. दुसरा असा की व्यवहाराच्या संदेशांवर मॅक, म्हणजे संदेश खरा असल्याची सांकेतिक मोहोर, लावलेला नाही. आमच्या गटातील अनुभवी मंडळींना हे दोन्ही शेरे पटलेले नाहीत. पिन कूटबद्ध आहे, बाहेरचा सगळा मार्ग व्हीपीएनमधून जातो आणि कार्डे चिपची आहेत, मग एकावर एक कुलपे लावून काय साधणार, असे त्यांचे म्हणणे आहे. शिवाय मॅकमध्ये काही चूक झाली तर चांगल्या ग्राहकांचे व्यवहार नाकारले जातील, ही भीतीही ते बोलून दाखवतात आणि ती मला अगदीच निराधार वाटत नाही.

माझा प्रश्न एवढाच आहे की राउटर आणि यंत्र यांच्यामधील त्या दीड-दोन मीटरच्या केबलमधून चोराला नेमके काय मिळते? पिन तर मिळत नाही.

मोहोरबंद :

तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतच घोटाळ्याचे मूळ आहे. चोराला त्या केबलमधून काही काढून घ्यायचे नसते. त्याला तिच्यात काही घालायचे असते.

पैसे काढण्याचा व्यवहार यंत्राच्या बाजूने पाहा. खात्यात किती शिल्लक आहे, दिवसाची मर्यादा संपली आहे का, पिन बरोबर आहे की चूक, यांपैकी एकही गोष्ट यंत्राला ठाऊक नसते. ते कार्डाची माहिती, कूटबद्ध पिन आणि मागितलेली रक्कम एका विनंतीत भरून स्विचकडे पाठवते आणि उत्तराची वाट पाहते. उत्तरात कोणत्या कॅसेटमधून, म्हणजे नोटांच्या पेटीतून, किती नोटा द्यायच्या याचे आकडे असतात, आणि यंत्र ते आकडे हुकूम म्हणून पाळते. एनडीसी आणि डीडीसी हे यंत्र व स्विच यांच्यामधील जुने आणि आजही सर्रास वापरात असलेले संदेशसंकेत आहेत. त्यांच्या मूळ रचनेत पिन वगळता बाकीचा मजकूर उघडाच असतो. आता असे समजा की कोणी राउटरकडे जाणारी केबल काढून मध्ये एक छोटा संगणक बसवला. मग त्याने एखादे कार्ड घातले आणि मनाला येईल तो पिन दाबला. यंत्राने नेहमीप्रमाणे विनंती पाठवली. मध्ये बसलेल्या संगणकाला कूटबद्ध पिन उलगडण्याची गरजच पडत नाही. तो विनंती अडवतो, ती स्विचकडे जाऊ देत नाही आणि ‘मंजूर, दुसऱ्या कॅसेटमधून ४० नोटा द्या’ असे उत्तर स्वतःच तयार करून यंत्राला देतो. यंत्र नोटा मोजते आणि बाहेर देते. स्विचच्या लेखी असा व्यवहार झालेलाच नसतो. फरक लक्षात येतो तो रोकड भरायला आलेली माणसे कॅसेट मोजतात तेव्हा. तुमचा व्हीपीएन या सगळ्या वेळात उत्तम चालू असतो, कारण हल्ला त्याच्या अलीकडच्या बाजूला झालेला असतो.

चिपबद्दलही गैरसमज आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. चिप कार्ड जी सांकेतिक खूण तयार करते ती कार्ड देणारी बँक तपासते, आणि बँकेची उलट खूण कार्डातील चिप तपासते. या दोघांमधील किल्ली, म्हणजे खूण काढण्याची गुप्त संख्या, यंत्राकडे नसते, त्यामुळे मिळालेले उत्तर खरोखर बँकेचे आहे की नाही हे यंत्र स्वतःहून ठरवू शकत नाही. कार्ड चोराने स्वतःच तयार केलेले असेल तर ते कोणत्याही उत्तराला बरोबरच म्हणेल. चिपची योजना नकली कार्डांपासून ग्राहकाचे खाते वाचवण्यासाठी झाली. यंत्रातील रोकड वाचवणे हे तिचे काम नाही.

माझ्या मते तुमच्या ज्येष्ठांच्या विचाराला इतिहासही कारणीभूत आहे. १९६७ मध्ये बार्कलेज बँकेने लंडनच्या एनफील्ड भागात जे रोकड यंत्र सुरू केले ते कोणत्याही जाळ्याला जोडलेले नव्हते. ते खास कागदी व्हाउचरवर चालत असे. पुढे यंत्रे वाहिन्यांनी बँकेच्या संगणकाला जोडली गेली तेव्हा पिन वाटेत कोणाच्या हाती लागू नये हीच सर्वांत मोठी चिंता होती, आणि ती रास्तही होती. त्यामुळे आपल्या क्षेत्राची बहुतेक दक्षता गुप्ततेभोवती गोळा झाली. ‘हा संदेश कोण वाचू शकेल’ हे आपण हजार वेळा विचारतो, पण ‘हा संदेश खरोखर कोणी पाठवला’ हे विचारायचे राहून जाते. रोकड मात्र दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे जाते.

मॅक म्हणजे संदेशाचा मजकूर आणि एक गुप्त किल्ली यांच्यावरून काढलेली मोहोर होय. मजकुरातील एक अंक बदलला तरी मोहोर जुळत नाही आणि ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला नवी मोहोर उमटवता येत नाही. स्विचपासून पुढे जाणाऱ्या आयएसओ ८५८३ या कार्ड-व्यवहारांच्या मानकातील संदेशात पिन ब्लॉकसाठी, म्हणजे कूटबद्ध पिनसाठी, ५२ वा रकाना आहे, तसा मॅकसाठी ६४ वा किंवा १२८ वा रकाना राखून ठेवलेला आहे. म्हणजे ही सोय कोणी नव्याने सुचवलेली नाही.

एका गोष्टीची मात्र खात्री करून घ्या. काही रचनांमध्ये कोणत्या रकान्यांवर मॅक काढायचा हे निवडता येते. निवडीत कार्ड क्रमांक आणि रक्कम असून उत्तरातील नोटांचे आकडे नसतील, तर मोहोर जुळूनही हुकूम बदलता येईल. त्याचप्रमाणे, काल दिलेले खरे उत्तर आज पुन्हा पाठवले तर त्यावरची मोहोरही खरीच असते. म्हणून यंत्राने प्रत्येक विनंतीबरोबर एक नवा, बदलता अंक पाठवावा, स्विचने तोच अंक उत्तरात परत द्यावा आणि मॅक त्या अंकालाही व्यापणारा असावा. अंक जुळला नाही तर उत्तर टाकून द्यावे.

किल्लीदार :

वरील प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत आहे, परंतु तो वाचून कोणी केवळ मॅक सुरू करून स्वस्थ बसू नये म्हणून लिहीत आहे. मोहोर तितकीच विश्वासार्ह असते जितकी तिची किल्ली.

मी आतापर्यंत ज्या जाळ्यांची तपासणी केली, त्यांतील सर्वांत गंभीर दोष किल्ल्यांच्या हाताळणीत सापडले. नियम असा आहे की मुख्य किल्ली दोन किंवा तीन भागांत तयार करावी, प्रत्येक भाग वेगळ्या जबाबदार व्यक्तीकडे असावा आणि यंत्रात हे भाग एकत्र आल्यावरच किल्ली पूर्ण व्हावी, म्हणजे कोणाही एका माणसाला ती संपूर्ण ठाऊक असणार नाही. प्रत्यक्षात रात्रीच्या वेळी दूरच्या ठिकाणी यंत्र बसवताना दोन माणसे पाठवणे जड जाते, मग दोन्ही लिफाफे एकाच तंत्रज्ञाच्या पिशवीत जातात. त्याहून वाईट म्हणजे वेळ वाचवण्यासाठी शेकडो यंत्रांत तीच एक किल्ली भरली जाते. हे ओळखणे अवघड नाही. प्रत्येक किल्लीचे एक तपासमूल्य असते, जे त्या किल्लीने शून्यांचा गठ्ठा कूटबद्ध करून निकालाची पहिली सहा चिन्हे घेऊन काढतात. तुमच्या सर्व यंत्रांची तपासमूल्ये एका कागदावर उतरवून पाहा. दोन यंत्रांचे मूल्य सारखे निघाले तर त्या दोघांची किल्ली एकच आहे असेच समजून चालावे, आणि मग एका यंत्रातून निसटलेली किल्ली दुसऱ्याच्या नावाने मोहोरा उमटवू शकते.

यावर आजचा चांगला उपाय म्हणजे किल्ली दुरून भरणे. ईपीपीच्या आत उत्पादकाने प्रमाणित केलेली स्वतःची सार्वजनिक किल्ली असते. स्विचची बाजू तिची खात्री करून घेते, ईपीपी स्विचची खात्री करून घेते आणि मगच मुख्य किल्ली कूटबद्ध होऊन यंत्रात उतरते. टीआर-३४ ही यासाठीची प्रचलित पद्धत आहे. यात लिफाफे नाहीत आणि प्रत्येक यंत्राला वेगळी किल्ली देणे सहज शक्य होते. पुढे स्विच ज्या कामाच्या किल्ल्या पाठवतो त्या टीआर-३१ प्रकारच्या किल्लीगठ्ठ्यात बांधून पाठवाव्यात, कारण त्या गठ्ठ्यात ‘ही किल्ली केवळ पिनसाठी’ किंवा ‘ही केवळ मॅकसाठी’ असे तिचे प्रयोजनही बांधलेले असते आणि ते कोणाला गुपचूप बदलता येत नाही. पिनची आणि मॅकची किल्ली एकच ठेवणे हा प्रकार मी अजूनही पाहतो. तो तातडीने थांबवला पाहिजे.

अल्गोरिदमबद्दल थोडक्यात सांगतो. ५६ बिटांच्या किल्लीचा साधा डीईएस हा जुना कूटबद्धीकरणाचा अल्गोरिदम १९९८ मध्ये खास बांधलेल्या यंत्राने ५६ तासांत फोडून दाखवला होता; तो आज कोठे आढळला तर त्यावर चर्चाही करू नये, काढून टाकावा. डीईएस तीनदा लावणारा ट्रिपल डीईएस अजून पुष्कळ यंत्रांत आहे, परंतु अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०२३ नंतर नव्या कूटबद्धीकरणासाठी तो अमान्य ठरवला आहे. नवीन ईपीपी घेत असाल तर एईएस हा नवा अल्गोरिदम आणि त्यावर आधारलेला पिन ब्लॉकचा फॉरमॅट ४ चालतो की नाही, हे खरेदीच्या अटींतच लिहून घ्या.

नवअभियंता :

दोघांचेही मनापासून आभार. तपासमूल्यांची यादी काढण्याचे काम मी आजच सुरू केले आहे. आता माझी शंका पुढच्या पायरीवर आहे. समजा आम्ही टीएलएस थेट यंत्राच्या संगणकापर्यंत आणले आणि यंत्र व स्विच या दोन्ही बाजूंनी एकमेकांची प्रमाणपत्रे, म्हणजे ओळख पटवणारे डिजिटल दाखले, तपासली, तर मध्ये बसलेल्या संगणकाला खोटे उत्तर देताच येणार नाही. मग दोन्ही शेऱ्यांपैकी पहिला पूर्ण केल्यावर दुसऱ्याची गरज संपत नाही का?

मोहोरबंद :

गरज बरीच कमी होते, संपत मात्र नाही. टीएलएस जेथे संपते तेथे त्याचे संरक्षणही संपते. डेटा सेंटरमध्ये ते बहुधा स्विचवर संपत नाही, तर त्याच्या पुढे ठेवलेल्या, जोडण्यांचा भार वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरवर संपते आणि तेथून स्विचपर्यंत संदेश पुन्हा उघडा जातो. यंत्राच्या बाजूला ते विंडोजवर चालणाऱ्या संगणकात संपते, आणि प्रमाणपत्राची खाजगी किल्ली साध्या फाइलमध्ये असेल तर डिस्क काढून नेणाऱ्याच्या हाती तीही लागते. मॅकची किल्ली मात्र एका टोकाला ईपीपीत आणि दुसऱ्या टोकाला एचएसएममध्ये असते. दोन्ही उपकरणे कोणी उघडण्याचा प्रयत्न केला तर किल्ल्या पुसून टाकण्यासाठीच बनवलेली आहेत. यामुळे माझ्या दृष्टीने टीएलएस हे वाहिनीचे संरक्षण आहे आणि मॅक हे हुकुमाचे. टीएलएसची आवृत्ती १.२ किंवा १.३ असावी, १.० आणि १.१ या आवृत्त्या इंटरनेट मानकांतून २०२१ मध्येच रद्द ठरल्या आहेत.

मॅकची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणांनी फास्टकॅश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हल्ल्यांबद्दल इशारा प्रसिद्ध केला. त्यात केबलला कोणी हातही लावला नव्हता. हल्लेखोर बँकेच्या आतील जाळ्यात शिरले आणि त्यांनी थेट पेमेंट स्विचच्या सर्व्हरवर घातक सॉफ्टवेअर बसवले. ते सॉफ्टवेअर ठरावीक कार्डांच्या आयएसओ ८५८३ विनंत्या ओळखून त्यांना परस्पर मंजुरीची उत्तरे देत असे, आणि ती विनंती खाते सांभाळणाऱ्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचतच नसे. तेथून पुढे यंत्रापर्यंतचा प्रवास कितीही सुरक्षित केला तरी उपयोग नाही, कारण खोटे उत्तर खऱ्या स्विचमधूनच निघते. म्हणून त्या इशाऱ्यातही कार्ड देणाऱ्या बँकेकडून येणाऱ्या उत्तरांवर मॅक असावा आणि तो तपासला जावा, तसेच चिपच्या सांकेतिक खुणांची पडताळणी व्हावी, असे सुचवलेले होते. मोहोर प्रत्येक टप्प्यावर हवी आणि ती तपासणारे एचएसएम स्विचच्या सॉफ्टवेअरपासून वेगळे हवे. यंत्रांनी दिलेल्या नोटांचा मेळ मुख्य प्रणालीतील नोंदींशी दिवसातून अनेकदा घातला, तर असा प्रकार काही तासांत तरी लक्षात येईल.

डिस्पेन्सरचा, म्हणजे नोटा मोजून बाहेर देणाऱ्या भागाचा, मुद्दा धाग्याच्या विषयाबाहेर जातो, पण एक वाक्य लिहितो : यंत्राचा संगणक आणि डिस्पेन्सर यांच्यामधील केबलही याच दृष्टीने पाहिली पाहिजे, कारण चोर आपला संगणक थेट तेथे जोडू शकला तर स्विच, टीएलएस आणि मॅक हे सारेच बाजूला पडते.

पाळीप्रमुख :

मी अनेक वर्षे रात्रपाळीत एटीएम जाळ्याची देखरेख केली आहे, त्यामुळे धोरणापेक्षा अनुभवाचे सांगतो.

एका केंद्रात आम्ही स्विच बदलला त्या रात्री एकाही यंत्राचा मॅक जुळेना. कारण पुढे समजले : नव्या स्विचसमोरचा एक कार्यक्रम संदेशाची अक्षरसंकेतावली ईबीसीडिकमधून आस्कीमध्ये बदलत होता आणि मॅकची तपासणी त्या बदलानंतर होत होती. मोहोर मूळ बाइटांवर उमटवलेली, तपासणी बदललेल्या बाइटांवर; मग ती जुळणार कशी? पहाटेपूर्वी सेवा सुरू करणे भाग होते, म्हणून मॅकची तपासणी तात्पुरती बंद करण्याचा निर्णय मी घेतला. त्या निर्णयाची नोंद माझ्या पाळीच्या वहीत राहिली, बदलांच्या अधिकृत नोंदीत गेली नाही, आणि ती तपासणी कित्येक महिने बंदच राहिली. त्या काळात काही विपरीत घडले नाही, परंतु त्याचे श्रेय आमच्या दक्षतेला देता येणार नाही. तेव्हापासून माझा आग्रह असा आहे की मॅक बंद करण्याची सोय स्विचमध्ये असेल तर ती वापरायला दोन अधिकाऱ्यांची संमती लागावी आणि ठरावीक तासांनी ती आपोआप रद्द व्हावी.

प्रमाणपत्रांबाबत नवअभियंता यांनी एका साध्या गोष्टीची तयारी ठेवावी. यंत्राच्या मदरबोर्डवरील छोटी बॅटरी संपली की वीज गेल्यानंतर घड्याळ अनेक वर्षे मागे जाते, मग स्विचचे प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेले नाही’ असे यंत्राला वाटते आणि टीएलएसची जोडणी होत नाही. अशा वेळी तंत्रज्ञ प्रमाणपत्राची तपासणीच बंद करून मोकळे होतात. जोडणीपूर्वी घड्याळ दुरुस्त करण्याची विश्वसनीय सोय आधी करा. सर्व यंत्रांची प्रमाणपत्रे एकाच दिवशी काढली तर ती एकाच दिवशी संपतात, हेही ध्यानात असू द्या.

शेवटी केबलबद्दल. जोडणी अर्धा मिनिट तुटून पुन्हा आली तर आपण ती वाहिनीची नेहमीची कुरबुर समजून सोडून देतो. मध्ये उपकरण बसवायला साधारण तेवढाच वेळ लागतो. अशा तुटण्याच्या वेळी यंत्राचा वरचा दरवाजा उघडल्याची नोंद आहे का, आणि त्यानंतर यंत्र ‘चालू’ असूनही स्विचकडे एकही विनंती आलेली नाही असे आहे का, या दोन गोष्टी एकत्र पाहणारी सूचना आम्ही तयार केली होती. ती फार उपयोगी पडली. राउटर यंत्राच्या बाहेर, हाताला लागेल असा ठेवू नका. तो यंत्राच्या कुलूपबंद भागात हलवणे हे तुमच्या यादीतील सर्वांत स्वस्त काम आहे आणि त्याला कोणाचाही विरोध होणार नाही.

नवअभियंता :

राउटर आत हलवण्याचा प्रस्ताव आज मान्य झाला. मॅकला असलेला विरोधही मावळला आहे, परंतु चांगल्या ग्राहकाचा व्यवहार नाकारला जाण्याची भीती कायम आहे. मॅक जुळला नाही तर यंत्राने नेमके काय करावे?

मोहोरबंद :

एकही नोट मोजू नये आणि स्विचला नकार-संदेश पाठवावा. स्विचने तो मिळताच व्यवहाराची उलट नोंद करून ग्राहकाच्या खात्यातून वळती झालेली रक्कम परत जमा करावी. उत्तर वेळेत आलेच नाही तरी हाच मार्ग. ग्राहकाची गैरसोय होते, पण त्याचे पैसे जात नाहीत. एकदा न जुळणे बिघाडामुळे होऊ शकते. लागोपाठ तीन वेळा न जुळल्यास यंत्र सेवेतून बाहेर जावे आणि माणसाने पाहणी केल्याशिवाय पुन्हा सुरू होऊ नये. सुरुवातीला थोड्या यंत्रांवर मॅक सुरू करा आणि प्रयोगशाळेत मुद्दाम उत्तरातील नोटांचा एक अंक बदलून यंत्र थांबते का ते पाहा. यंत्र न थांबल्यास रकान्यांची निवड चुकलेली आहे.

आणखी एक पाहा. उलट नोंद मागणाऱ्या संदेशावरही मॅक असायला हवा. नोटा दिल्यानंतर ‘दिल्या नाहीत’ असा खोटा संदेश स्विचकडे गेला, तर नोटाही जातात आणि खात्यात रक्कमही परत येते. आपल्या आतापर्यंतच्या चर्चेत सगळा भर स्विचकडून येणाऱ्या उत्तरांवर राहिला. यंत्राकडून जाणारे हे संदेश तुमच्या आराखड्यातून सुटू देऊ नका.